अण्णांचा फोन अजून चालू आहे

पत्र (जागेअभावी थोडे संक्षिप्त करून)

मी ५२ वर्षांची असून सांगलीत विश्रामबागेत राहते आणि घरी शिकवण्या घेते. २०१९ च्या महापुरात खणभागातल्या एका गृहस्थांच्या घरात पाणी शिरून त्यांच्या आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट भिजल्या. कोणते गाणे कोणाकडे शिल्लक आहे, अशी विचारपूस करता करता गाणे ऐकणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट जमला. त्या गृहस्थांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. गटात आज ८६ जण आहेत. अण्णांचा नियम असा होता की रोज रात्री साडेनऊला एकाने एकच गाणे पाठवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी ते ऐकून आपल्याला काय सापडले ते सांगायचे.

सात आठवड्यांपूर्वी अण्णा हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेव्हापासून गटावर त्यांच्या आठवणीसाठी दिवसाला चाळीस-पन्नास गाणी येत आहेत. एकाने लावणी टाकली, त्यावरून भांडण होऊन दोघे जण गट सोडून गेले. मी अण्णांना प्रत्यक्ष एकदाच भेटले होते, भावे नाट्यमंदिरात मध्यंतराच्या चहाला, जेमतेम दहा मिनिटे. माझे यजमान म्हणतात, एकदाच भेटलेल्या माणसासाठी इतके काय? मला रडण्याचा हक्क तरी आहे का?

गेल्या आठवड्यात सवयीने मी एक गाणे अण्णांच्या स्वतःच्या क्रमांकावर पाठवले. रात्री अकराच्या सुमारास त्या दोन खुणा निळ्या झाल्या. तेव्हापासून फोन हातात घ्यायला भीती वाटते. शिवाय माझ्याकडे त्यांनी मला पाठवलेले शेवटचे ध्वनिमुद्रण आहे, ४८ सेकंदांचे. ते तंबोरा लावत आहेत, मागे कुकरची शिट्टी होते आणि ते आत कोणाला तरी "तिसरी झाली गं" असे म्हणतात. गटातला एक तरुण म्हणतो की शिट्टी आणि बोलणे काढून नुसता तंबोरा ठेवतो आणि सर्वांना ऐकायला देतो. मी काय करावे?

एक श्रोती, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही तीन-चार प्रश्न विचारले असले तरी तुमची खरी धास्ती त्या दोन निळ्या खुणांची आहे, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आले. त्यांच्याकडे येण्यापूर्वी यजमानांचा प्रश्न मात्र हातावेगळा करायला हवा, कारण तो त्यांच्या तोंडून आला असला तरी तुम्ही स्वतःही तो स्वतःला विचारत आहात.

अण्णांना तुम्ही दहा मिनिटे पाहिलेत, हे खरे. पण त्यांच्याबरोबर ऐकलेत किती, याचा हिशेब कधी केला आहे का? रोज एक म्हटले तरी वर्षाला साडेतीनशेच्या वर गाणी होतात, आणि तुम्ही तर पहिल्यापासून त्या गटात आहात. एखादा माणूस गाण्यातल्या कोणत्या जागेवर थांबतो, कोणत्या आलापाला "पुन्हा एकदा ऐका" म्हणतो, सगळे वाहवा करीत असताना कोणत्या गायकाच्या नावावर गप्प बसतो आणि आपले चुकले हे किती सहजपणे मान्य करतो, हे ज्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्याला तो माणूस ठाऊक नाही असे कसे म्हणायचे? लग्नमुंजीत वीस वेळा भेटलेल्या कित्येक नातेवाइकांविषयी आपल्याला यातले काहीही सांगता येत नाही, आणि त्यांच्या दहाव्याला आपण रीतसर डोळे पुसून येतो.

तुमच्या घरापासून शहर बसने जेमतेम अर्ध्या तासावर मिरज आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना वाटेत सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर वारले. जीव घाबरा झाला म्हणून ते गाडीतून उतरले, तंबोरा लावायला सांगितला आणि प्रार्थना गाता गाताच त्यांनी प्राण सोडला, अशी हकिकत जुने लोक सांगत आले आहेत. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले, आणि त्याच दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गायक-वादक येऊन हजेरी लावतात. तिथे सतरंजीवर बसून पहाट करणाऱ्या श्रोत्यांपैकी खाँसाहेबांना पाहिलेला आज कोण सापडणार? त्यांच्यापाशी खाँसाहेबांचे जे काही आहे ते तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांतून आलेले, खरखरीतून गाळून घेतलेले आहे. तरीही एखाद्या सुराला त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि "तुमची ओळख कुठली?" असे त्यांना कोणी विचारीत नाही. तुमच्याजवळ तर अण्णांचे कितीतरी अधिक आहे.

यजमानांना हे सारे वाद म्हणून ऐकवू नका. एखाद्या रात्री साडेनऊला त्यांना शेजारी बसवून घ्या, एक गाणे लावा आणि अण्णांनी त्याखाली लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवा. त्यांना पटेलच असे नाही, परंतु तुम्ही कोणासाठी रडत आहात हे तरी त्यांना कळेल. तुमच्या पत्रावरून ते मला निष्ठुर वाटले नाहीत, थोडे बाजूला पडल्यासारखे वाटले. तेवढे मात्र तुम्हीही लक्षात घ्या.

आता गटाविषयी, आणि इथे मला तुमच्या मंडळींना थोडे बोलायचे आहे. दिवसाला पन्नास गाणी, प्रत्येक पाच मिनिटांचे धरले, तरी चार तासांहून अधिक वेळ होतो. तुमच्यापैकी कोण रोज चार तास ऐकत बसले आहे? कोणीही नाही. गाणे पाठवले जाते, खाली हात जोडल्याची चित्रे पडतात आणि ते वर सरकून दिसेनासे होते. तसबिरीवर हारावर हार चढत जावेत आणि शेवटी चेहराच झाकला जावा, तसे काहीसे हे झाले आहे. अण्णा गेल्यावर पहिल्या आठवड्यात असे होणे स्वाभाविकच होते, कारण हंबरडा फोडताना कोणी पाळी लावीत नाही. पण सात आठवडे झाले, आणि अण्णांनी ज्या एका गोष्टीसाठी तुम्हाला एकत्र आणले होते, ते ऐकणे, नेमके तेवढेच या दुखवट्यात बंद पडले आहे.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. थोरले मामा वारले तेव्हा दहाव्याच्या आदल्या रात्री गावचे भजनी मंडळ घरी आले होते. अशा प्रसंगी बोलावणे पाठवायचे नसते, त्यांचे ते येतात. वीस-बावीस माणसे होती. परंतु अभंग एका वेळी एकच, तो एकाने धरायचा, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे, आणि तो पुरता झाल्यावरच दुसऱ्याने तोंड उघडायचे. वीस जणांना वीस अभंग आठवत होते म्हणून वीस अभंग एकदम सुरू झाले नाहीत. त्या रात्रीची आणखी एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक मंडळाकडची वाळून गेली होती, म्हणून पखवाजी ओसरीवरून आत पाहत म्हणाला, "मूठभर कणीक मिळंल का?" घरातल्या सुना उठण्याआधी मामी उठली. नऊ दिवस ती कोपऱ्यातून हलली नव्हती. तिने परातीत मूठभर पीठ घेतले, पाण्याचा हात लावून घट्टसर मळले, गोळा पखवाजीच्या हातात दिला आणि तो धुमेवर थापून, थाप मारून नाद पाहीपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिथेच उंबऱ्याशी बसून तिने पहाटेपर्यंत ऐकले. तिचे सांत्वन करण्यासाठी कोणीही एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की साडेनऊचा नियम पुन्हा सुरू करावा, आणि त्यासाठी कोणी वडीलधारा पुढे येण्याची वाट न पाहता ते तुम्हीच सुचवावे. लांबलचक निवेदन लिहू नका. "अण्णांच्या पद्धतीने उद्यापासून रोज एक गाणे ऐकू या, पहिली पाळी मी घेते," एवढे पुरे आहे. आजवर आलेली गाणी वाया जातील अशी काळजी कोणी व्यक्त केली, तर संगणकाची सवय असलेल्या एखाद्याला त्यांची यादी करून ठेवायला सांगा. सात आठवड्यांत दोन हजारांच्या आसपास गाणी जमली असतील आणि रोज एक म्हटले तर ती साडेपाच वर्षे पुरतील, तेव्हा घाई कोणालाच करण्याचे कारण नाही. फक्त प्रत्येक गाण्याखालच्या दोन ओळी चुकवू नका. "अण्णांना विनम्र अभिवादन" ही ओळ त्यांत धरू नये. गाण्यात काय ऐकायचे ते लिहावे.

हे किती दिवस चालवायचे, असे कोणी विचारीलच. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनापासून दहावा, तेरावा, मासिक आणि वर्षश्राद्ध अशी दुखवट्याची मोजमापे आधीच ठरलेली आहेत, आणि ज्यांचा विधींवर विश्वास नाही त्यांनाही त्या अंतरांचा उपयोग होतो. रोजचे गाणे गटाचे असू द्या, आणि महिन्यातून एकदा, ज्या तारखेला ते गेले त्या तारखेला, अण्णांनी पूर्वी पाठवलेले एखादे गाणे त्यांच्याच जुन्या ओळींसह पुन्हा ऐका. वर्ष झाले की सांगलीत किंवा मिरजेत एखाद्याच्या घरी प्रत्यक्ष जमा. ८६ जणांपैकी वीस आले तरी बैठक चांगली होते.

लावणीचे भांडण मला फार मोठे वाटत नाही. मैफल कोणत्याही रागाने सुरू झाली तरी शेवट बहुतेक वेळा भैरवीने होतो, आणि त्याच भैरवीत भजन असते, ठुमरी असते, नाट्यपद असते आणि लावणीही असते. दुःखाचे सूर वेगळे काढून ठेवण्याची सोय आपल्या संगीतात नाही. अण्णांना ढोलकी वर्ज्य होती का, एवढेच पाहा. नसेल, तर त्या सदस्याची चूक इतकीच की त्याने दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि ती चूक त्या दिवशी सगळ्यांनीच केली होती. जे दोघे निघून गेले त्यांना न विचारता पुन्हा गटात ओढू नका. आधी फोन करा, आणि फोनवर लावणीचा विषय काढू नका.

आता त्या दोन खुणा.

घाबरण्यासारखे त्यात काही नाही, पण थांबून विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. गेलेल्या माणसाचा फोन आपोआप चालू राहत नाही. त्याची बॅटरी एक-दोन दिवसांत उतरते, रिचार्ज संपतो. तुम्ही सांगता तो फोन सात आठवड्यांनंतरही चालू आहे, याचा अर्थ त्या घरात कोणीतरी तो न चुकता चार्जिंगला लावत आहे आणि बहुधा त्याचे पैसेही भरत आहे. बहुधा वहिनी असतील, कदाचित मुलगा किंवा मुलगी असेल. त्या व्यक्तीने रात्री अकराला, घर निजल्यावर, तुम्ही पाठवलेले गाणे उघडले. ते तिने ऐकले की नुसतेच पाहिले, हे तुम्हाला कळणार नाही. आणि गटावरची पन्नास गाणीही रोज त्याच फोनवर, त्याच घरात वाजत आहेत. अण्णांच्या फोनचा आवाज बंद केला आहे की नाही, हेसुद्धा तुमच्यापैकी कोणाला माहीत नाही.

तुम्ही सगळे सात आठवडे असे समजून गाणी पाठवत आहात की दुसऱ्या टोकाला आता कोणी नाही. तिथे कोणीतरी आहे. ती गाणी त्यांना आधार देत असतील किंवा जखमेवरची खपली रोज पन्नास वेळा निघत असेल; हे बाहेरून ठरवता येणार नाही, विचारावेच लागेल. संदेश पाठवून विचारू नका, समाचाराला जा. तुम्ही आणि गटातले एखादे ज्येष्ठ गृहस्थ, अशी दोन माणसे पुरेत. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर आधी कळवा. अण्णांच्या क्रमांकावर फोन लावून त्या घरात त्यांची घंटा वाजवू नका. यजमान बरोबर यायला तयार असतील तर त्यांनाही न्या, त्यांच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर त्यांना तिथे मिळेल.

जाताना मनाची एक तयारी ठेवा. अण्णांनी रोज रात्रीचा साडेनऊनंतरचा तास तुम्हा ८६ जणांना दिला होता, आणि तो त्यांच्या संसारातून काढून दिला होता. त्या घरातले कोणी तुमच्या गटाविषयी फार गोड बोलले नाही, तर मनाला लावून घेऊ नका. "पुरे झाली ती गाणी" असे वहिनी म्हणाल्या, तर तो शब्द अखेरचा माना आणि गटाला त्याच रात्री सांगा. उलट त्या फोनवर येणाऱ्या एखाद्या गाण्याचीच त्या वाट पाहत असतील, तर मग तुमचा साडेनऊचा नियम किती काटेकोरपणे पाळायला हवा ते तुमच्या ध्यानात येईल.

व्यवहाराची एक-दोन कामे आहेत, ती मात्र घरच्यांच्या कलाने, पहिल्या भेटीत जमली नाहीत तर दुसऱ्या भेटीत करावीत. व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवस वापरात नसले तर साधारणपणे काढून टाकले जाते, आणि मग गटातून ते नाव आपोआप निघून जाते. फोन बंद ठेवायचे घरच्यांनी ठरवले, तर एखाद्या दिवशी अण्णांचे नाव गटातून अवचित दिसेनासे होईल, आणि त्याची कल्पना गटाला आधीच दिलेली बरी. रिचार्ज थांबला तर तो क्रमांक काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो, हेही घरच्यांना माहीत असावे. गटाचे ॲडमिन एकटे अण्णाच असतील, तर तो फोन चालू आहे तोवर घरच्यांच्या हातूनच आणखी कोणाला तरी ॲडमिन करून घ्यावे.

आणि एक विषय मात्र कटाक्षाने टाळावा. पुरातून वाचलेल्या कॅसेटींचे पुढे काय होणार, हा प्रश्न तुमच्या गटातल्या कोणा ना कोणाच्या मनात एव्हाना आलेला असणार. संग्राहकांची जात मला चांगली माहीत आहे, मीही त्यांतलाच. ओल्या कॅसेटीचे स्क्रू काढून, सावलीत फीत वाळवून, पेन्सिलीवर ती पुन्हा गुंडाळत बसलेला माणूस ज्या घराने पाहिला आहे, त्या घराला त्या खोक्यांची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांनी होऊन विषय काढला तरच बोला. निघताना "येतो" म्हणू नये, हे तुम्हाला सांगायला नकोच.

राहिले ते ४८ सेकंदांचे ध्वनिमुद्रण. आज हे वाचून झाल्यावर पहिले काम हे करा की त्याची प्रत संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा, कारण फोन बदलताना सर्वांत आधी हरवतात त्या अशाच लहानशा फिती. अजून ऐकवत नसेल तर ऐकू नका, प्रत करण्यासाठी ऐकावे लागत नाही. भेटायला जाल तेव्हा ते बरोबर असू द्या, पण एकदम लावू नका. माणसाचा आवाज बेसावधपणे कानावर पडणे फार कठीण जाते. "अण्णांचा आवाज असलेले एक ध्वनिमुद्रण माझ्याजवळ आहे, हवे तेव्हा सांगा," एवढेच वहिनींना सांगून ठेवा. त्या आठ दिवसांनी मागतील, वर्षाने मागतील किंवा कधीच मागणार नाहीत. ते गटाने ऐकावे की नाही हेही त्यांनीच ठरवायचे आहे, आणि तोवर ते तुमच्याच फोनमध्ये राहू द्या.

त्या तरुणाचा हेतू चांगला आहे, त्याला रागावू नका. स्वच्छ तंबोराच ऐकायचा असेल तर मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत उभे राहावे, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावून घ्यायला आलेले तंबोरे दिवसभर ऐकू येतात. घोडीवर तारेखालचे सूत केसभर इकडेतिकडे सरकवून खर्ज खुलवणारी आणखीही माणसे आहेत. पण तुमच्या त्या ध्वनिमुद्रणात अण्णा एकच वाक्य बोलले आहेत आणि ते त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटले आहे. त्या तरुणाला सांगा की शिट्टी काढायची नाही, आणि "तिसरी झाली गं" हे तर मुळीच नाही.